रुपयाला आणा

मारुतीतात्या साबळ्यांना मिलिमीटर चालत नसे. लोणी देवकरच्या ज्या कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागले, तिथं ते वेल्डर होते. रिटायर होऊनही ठेकेदाराच्या हजेरीवर परत आलेले, कारण पातळ पत्र्याला भोक न पाडता सांधा मारणारा दुसरा माणूस त्या शेडमध्ये नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी त्यांचा एक ब्रॅकेट परत पाठवला. ते स्वतः तो हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"काय चुकलंय?"

"तीन मिलिमीटर जास्त आहे."

"म्हंजी किती?"

"तीन मिलिमीटर म्हणजे तीन मिलिमीटर."

"सुतात सांगा."

इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. जुने सुतार, गवंडी, फिटर अजून तेच बोलतात. मी मनात हिशोब केला आणि म्हटलं, "एक सूत. किंचित कमी."

"मंग एक सूत म्हणा की! एवढ्या लांबनं कशाला येताय?" असं म्हणून वाद न घालता त्यांनी तो सांधा कापला आणि पुन्हा मारला. शेवटी लोखंडी ठसा ठेवून वर हातोडी मारली. सांध्याशेजारी 'मा' असं अक्षर उमटलं.

कारखान्याचा असा काही नियम नव्हता. ठशाचं अक्षर त्यांनी स्वतःच कानशीनं घासून केलेलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला नावाची हौस आहे. मी तसं बोललेही, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. ते म्हणाले, "हौस कसली? उद्या तुटला तर कुणाचा ते कळाया पायजे." आणि त्या दिवसापासून माझं नाव 'क्वालिटीबाई' पडलं. "आल्या बघा क्वालिटीबाई, झाका रं आपापली पापं," असं ते शेडभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे.

मी निमगाव केतकीची. वडील भाजीपाला करतात, आई आठवडी बाजारात विकते. दोघांनी शाळा पाहिली ती बाहेरून. बारामतीच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. फिजिक्स केलं, फर्स्ट क्लासमध्ये. घराण्यात पदवीचा कागद पहिला माझा, आणि हे मी मुद्दाम लिहिते. कारण पुढं जे झालं ते त्या कागदामुळंच झालं.

तात्याही निमगावचेच, पण त्यांची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. घरापासून कंपनीच्या बसथांब्यापर्यंत ते सायकलवर येत. वाटेत कालव्याचा पूल लागतो. तिथं ते उतरायचे, सायकल हातात धरून पूल चालत ओलांडायचे आणि पलीकडं पुन्हा टांग टाकायचे. एकदा मी स्कूटीवरून विचारलं, "पंक्चर का तात्या?"

"न्हाय. हितं उतरतो मी."

एवढंच. बसमध्येही ते सगळ्यात मागच्या बाकावर बसत. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी असली तरी पुढं येत नसत. पन्नास वर्षं गाड्यांची हाडं जोडणाऱ्या या माणसाला गाडी चालवता येत नव्हती, आणि शिकायचीही नव्हती.

एके दिवशी डबा खाताना त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद काढला. जुन्या विलायती मासिकाचं पान, घड्यांवर विरलेलं. त्यावर एक मोटार होती. छप्पर कापून बुटकं केलेलं, मडगार्ड काढलेली, इंजिनावर झाकण नाही, नाक जमिनीला टेकायला आलेलं.

"तुमी शिकलेल्या. हितं काय लिवलंय?"

"हॉट रॉड."

"म्हंजी?"

मी शब्दाला शब्द ठेवला. "तापलेला गज."

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तापल्याली कांडी! आरं म्हंजी वेल्डिंगच की! आन आमी पन्नास वर्सं म्हणतोय काय आसंल, काय आसंल."

घरी जाऊन मी खरा अर्थ शोधला आणि दुसऱ्या दिवशी सांगितला. जुनी मोटार घ्यायची, कापून हलकी करायची, मोठं इंजिन बसवायचं आणि पळवायची. परदेशात त्याचा शौक असतो. तात्या यावेळी हसले नाहीत. "ठाव हाय," म्हणाले, "आमी केल्ती. बारामतीत. रविवारी घरी या, दावतो."

रविवारी गेले. घरामागं पत्र्याची शेड, आत एक बाक आणि त्यावर फडक्याखाली ती. तात्यांनी फडकं उचललं.

मी रोज मापं घेणारी बाई. कौतुक करायच्या आधी माझा हात पिशवीतल्या व्हर्नियरकडं जातो. पण ती गाडी पाहून मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले. वीतभरापेक्षा थोडी जास्त लांब. लाल रंग. पुढची जाळी चहाच्या गाळणीची, धुराच्या नळ्या छत्रीच्या काड्यांच्या, टायर रबरी चपलेचा तळ कातून केलेले, त्यांवर नक्षीसुद्धा. इंजिन जुन्या पिस्टनच्या तुकड्यातून कोरलेलं, आणि त्याच्या एकेका बोल्टाला सहा कोन. दरवाजा नखानं उघडत होता. आत स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळत होती.

"माप काय धरलंय?"

"रुपायाला आणा."

मला कळेना. ते म्हणाले, "रुपायात आणे किती? सोळा. खरी गाडी रुपाया, तर ही आणा. फुटाला सहा सूत. ह्या चाकापासनं त्या चाकापातूर खऱ्या गाडीत आठ फूट दहा इंच व्हतं. मोजा."

मी मोजलं. सहा इंच पाच सूत. केसाइतकाही फरक नाही. खऱ्या गाडीची मापं त्यांना तोंडपाठ होती. आठ वर्षं ते ही गाडी करत होते.

कारखान्यातली पोरं त्यांना विचारायची, "तात्या, आमाला बसवणार का गाडीत?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "आदी आण्याएवढा हो, मंग बस."

गाडीच्या बाजूला फळीवर सिमेंटचा एक छोटा रस्ता केलेला होता. उतार, मग वळण, वळणाला लागून पूल. पुलाखाली निळ्या रंगाचं पाणी. मी तो पूल ओळखला. रोज ज्यावर ते सायकलवरून उतरत तो.

काकू, म्हणजे तात्यांची बायको, चहा घेऊन आल्या. रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "माझं लगीन हून दोन वर्सं झाल्यावर मला कळलं, की मला दीर व्हता म्हणून."

मग तात्यांनी सांगितलं. सांगताना ते गाडीचं एक चाक बोटानं फिरवत होते.

तात्यांचा जन्म घराण्यानं धम्म घेतला त्याच्या आधीचा, म्हणून नाव मारुती. धाकटा नंतरचा, म्हणून गौतम. दोघं बारामतीत एका गॅरेजात कामाला. गॅरेजवाल्या उस्तादाला रद्दीत ते मासिक मिळालं आणि त्यानं खूळ घेतलं. एका बागायतदाराच्या गोठ्यात कोंबड्या बसत असलेली अमेरिकन मोटार त्यानं उचलून आणली. छप्पर कापलं, ट्रकचं इंजिन घातलं. बाजारपेठेतून पहिल्यांदा निघाली तेव्हा बायका तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आगं बया, बोडकी!" तेच नाव पडलं. बोडकी.

"नाक खाली आणलं आन पुढची चाकं वळवणारा लोखंडी हात खालच्या सांगाड्याला घासाया लागला," तात्या म्हणाले. "उस्ताद म्हणला, काप, वाकीव, परत जोड. मी एकवीस वर्साचा. गॅसची नळी हातात घिऊन चार म्हैने झाल्ते. मी कापला, मी वाकीवला, मी जोडला. उस्तादानं बगितलासुदिक न्हाय."

गौतम सतरा वर्षांचा. गाडी चालवायला वेडा. बारामतीहून इंदापूरच्या दिशेनं बोडकी पळवून बघायला त्यालाच पाठवलं. निमगावात आईला दाखवून येतो म्हणाला. कालव्याच्या पुलाशी वळण आहे. गाडी वळली नाही. सरळ कालव्यात गेली.

"पोलिसांनी लिवलं, वेग आवारला न्हाय. उस्ताद म्हणला, पोरगं जोरात व्हतं. आसंलही. त्यो जोरातच आसायचा. पर गाडी का वळली न्हाय? त्यानं वळीवलीच न्हाय, का वळीवली आन माझा सांधा तुटला?"

"नंतर बघितला नाही का सांधा?"

"मी मयतीत. माती दिऊन, पाच-सात दिसांनी गॅरेजला गेलो तवर उस्तादानं गाडी कापून भंगारात घातली व्हती. भीतीपोटी. तुकडं कुठल्या कुठं गेलं."

काकू कपबशा उचलत होत्या. "सासूबाई जायाच्या आदी ह्यांला एकदाच बोलल्या," त्या म्हणाल्या. "सांधा तूच मारला व्हतास न्हवं मारुती? दुसरं कायबी न्हाय. एवढंच."

तेव्हा ती गाडी कशासाठी आहे ते मला समजलं. शोकेससाठी नव्हती. त्या छोट्या गाडीत तात्यांनी चाक वळवणारा तो हात तसाच कापून, तसाच वाकवून, तसाच जोडला होता. आता ती उतारावर सोडायची. वळणाच्या तोंडाशी एक खिळा होता. गाडीच्या चाकाशी जोडलेली एक दांडी त्याला लागली की चाकं झटक्यानं वळायची आणि सगळा जोर त्या सांध्यावर यायचा. शंभर वेळा सोडणार होते. शंभर का, तर खालच्या कोर्टात एकदा तुटला तर वरच्या कोर्टात जाता यावं, असं म्हणाले आणि जरासे हसले.

यानंतर महिनाभरानं दुपारच्या सुट्टीत तात्या पेढ्यांचा डबा घेऊन कारखान्याच्या शेडमध्ये आले. पांढरा शर्ट इस्त्री केलेला. पोरांनी गलका केला.

"नातू का तात्या?"

"आदी ल्योक तर हू दे मला! न्हाय रं. केस सुटली माझी."

"कोर्टात केस व्हती तुमची?"

"व्हती. लई जुनी. निर्दोष सुटलो."

ज्यानं विचारलं त्याला आणि ज्यानं नाही विचारलं त्यालाही पेढा. मी त्यांना इतकं हलकं कधी पाहिलं नव्हतं. चाल बदलली होती. माझ्या टेबलाशी आले आणि दोन पेढे ठेवले.

"शंभर डाव सोडली क्वालिटीबाई. शंभर डाव वळली. भिंगानं बगितलं, सांध्याला केसाएवढी चीर न्हाय." मग खुर्ची ओढून बसले. "आता तुमी शिकलेल्या म्हणून इचारतो. आण्यात टिकला म्हंजी रुपायात टिकला व्हता, व्हय का न्हाय?"

मी 'होय' म्हणू शकले असते. पेढा तोंडात होता, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण मी आयुष्यात कुठल्या चुकीच्या मापावर सही केलेली नाही, आणि ते मला विचारत होते ते मी खरं सांगते म्हणूनच.

"नाही तात्या."

"म्हंजी?"

जॉबकार्डाच्या मागच्या बाजूला मी त्यांना करून दाखवलं. लांबी सोळापट कमी केली. रुंदी सोळापट, उंचीही सोळापट. मग वजन सोळापट कमी होत नाही. सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा. चार हजारपटीहूनही जास्त कमी होतं. सांधा मात्र आडवा कापून बघितला तर त्याचं तोंड लांबी-रुंदीतच कमी होतं. सोळा गुणिले सोळा, अडीचशेपट. म्हणजे छोट्या गाडीत वजन फार घटलं आणि ताकद तितकी घटली नाही. आण्यातला सांधा रुपयातल्यापेक्षा सोळापट तगडा असतो. तो तुटणारच नव्हता. कसाही मारला असता तरी.

तात्या कागदाकडं बघत होते. हे त्यांना कळणार नाही असं मला उगीच वाटत होतं. जन्मभर लोखंड तोललेला माणूस तो.

"म्हणून मुंगी माळवदावरनं पडली तरी मरत न्हाय," ते हळूच म्हणाले.

"हो."

"आन माणूस मरतो."

मी पेनाला टोपण लावलं.

"म्हंजी समद्याचा आणा व्हत न्हाय." एवढं बोलून ते उठले. डब्यात पेढे उरले होते. झाकण लावून त्यांनी डबा पिशवीत ठेवला, आणि दुपारी भोंगा झाल्यावर नेहमीसारखे कामाला लागले. त्या दिवशीचे त्यांचे सगळे ब्रॅकेट मी तपासले. एकातही चूक नव्हती.

काकू मला बाजारात भेटल्या. आईच्या पाटीतून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि निघताना म्हणाल्या, "जरा कमी शिकली आसतीस तर काय बिगडलं आसतं, बाई?" आईला काही कळलं नाही. मला राग आला, आणि तो राग घरी जाईपर्यंत टिकला नाही.

पंधरा दिवसांनी तात्यांनी माझ्या टेबलावर एक जड वस्तू ठेवली. जुन्या जीपचा तो लोखंडी हात, चाक वळवणारा, मधे कापून, वाकवून, गॅसनं जोडलेला. पूर्ण मापाचा.

"आता रुपायातच बगू. तुमच्या वडायच्या मशीनवर घाला."

आमच्या लॅबमध्ये लोखंड दोन्हीकडून ओढून तोडायचं मशीन आहे. साहेबांची परवानगी काढून मी तो तुकडा लावला. काटा चढत गेला, चढत गेला, आणि धाडकन तुटला. मी दार उघडून बघितलं आणि तशीच पळत शेडमध्ये गेले.

"तात्या, सांधा नाही तुटला! सांध्याच्या बाजूचं लोखंड तुटलं. तुमचा सांधा अख्ख्या लोखंडापेक्षा पक्का निघाला!"

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पुन्हा त्या पेढ्याच्या दिवसासारखा होईल. त्यांनी तुटलेले दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले.

"ह्यो मारुतीतात्याचा सांधा हाय, बाई. पन्नास वर्सं हात घासलाय ह्यावर. मला त्या पोराचा पायजे. चार म्हैने शिकल्याल्या पोराचा."

मग ते त्या पोराचा सांधा मारायला बसले. मुद्दाम घाई केली. गॅस कमीजास्त केला. गंज न काढता जोडलं. दर आठवड्याला एक तुकडा माझ्याकडं येई. मी तो मशीनवर लावी, आणि दर वेळी लोखंड तुटे, सांधा राही. एकदा मी म्हटलं, "तात्या, हा तर तुम्ही अगदी वाईट मारला होता."

"मारत व्हतो वाईट. मधीच हातानं सुदरून घेतला." उजवा हात त्यांनी समोर धरला आणि एखाद्या ऐकत नसलेल्या जनावराकडं बघावं तसं त्याकडं बघितलं. "चुकायचं म्हणलं तरी चुकत न्हाय आता. लई शिकला ह्यो."

पाचव्या की सहाव्या तुकड्यानंतर साहेबांनी मशीन बंद केलं; कंपनीचं यंत्र खासगी कामाला वापरायचं नाही म्हणाले. ठेकेदारानंही वयाचं कारण सांगून तात्यांना थांबवलं. मला बारामतीत दुसरी नोकरी लागली, पगार चांगला, पद मोठं. मी गेले.

तात्या आता नाहीत. छातीनं गेले, वेल्डरांचं पुष्कळदा तिथंच होतं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी चार-पाच महिने, एका दुपारी. गावी आले होते म्हणून गेले. काकूंनी नुसता हात शेडकडं केला. यावेळी त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, पण 'बस' असंही म्हणाल्या नाहीत.

शेडचं दार उघडं होतं. आत गॅसचा निळा जाळ. तात्या माझ्याकडं पाठ करून स्टुलावर बसले होते, समोर पकडीत जीपचा तसलाच एक लोखंडी हात. खाली जमिनीवर तसले आणखी दहा-बारा पडलेले. आधी मला वाटलं, त्यांचा उजवा हात गेला, अर्धांगवायू झाला. मग नीट दिसलं. उजवा हात त्यांनी पंच्यानं कमरेला बांधून टाकला होता, गच्च, दोन वेढे देऊन. नळी डाव्या हातात होती. कांडी पकडायला हातच नव्हता, म्हणून ती वरून तारेनं टांगलेली. डाव्या हाताला वळण नव्हतं. जाळ कधी सांध्यावर, कधी बाजूला. वितळलेलं लोखंड ओबडधोबड साचत होतं, मधेच फुटत होतं, भोकं पडत होती. बांधलेला हात पंच्याखाली हलत होता. खांद्यापासून ओढ घेत होता, मदतीला धावायला.

"तात्या," मी म्हटलं.

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. जाळ बाजूला घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि वाकून तो वेडावाकडा, भोकं पडलेला सांधा कितीतरी वेळ न्याहाळला.

"आता जरा त्या पोरासारखा याया लागलाय," ते म्हणाले, आणि पुढची कांडी टांगून घेतली.